सोलरवर फ्रिज चालवायचाय? आधी मोजा, मग सामान घ्या

सोलरवर लाइट, पंखा, मोबाइल चार्जिंग चालवणं सोपं आहे कारण बॅटरी उतरली की आपण बंद करून टाकतो. फ्रिजला असं करता येत नाही, तो रात्रभर चालणार, ढग असले तरी चालणार, आणि साधा कॉम्प्रेसर असेल तर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढणार. म्हणून "फ्रिज १५० वॉटचा आहे, २०० वॉटचं पॅनल पुरेल" हा हिशोब चुकतो. वॉट किती यापेक्षा २४ तासांत वीज किती खाल्ली ते बघायचं.

तर पहिलं काम, प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर आणा आणि फ्रिज त्याच्यावर निदान २ दिवस चालू द्या. एक दिवस का नको तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधे बर्फ वितळवायचा हीटर असतो, तो अधूनमधूनच लागतो आणि लागला की कॉम्प्रेसरपेक्षा जास्त वॉट खाऊ शकतो, एका दिवसाच्या मापात तो नीट पकडला जाईलच असं नाही. आणि हे माप गरमीच्या दिवसांत घेतलं तर उत्तम, कारण थंडीत तोच फ्रिज बराच कमी खातो आणि आपण गाफील राहतो.

समजा मीटरने दिवसाला ८०० वॉटअवर दाखवले (वॉटअवर म्हणजे वॉट गुणिले तास, १००० झाले की एक युनिट). यात दोन गोष्टी मिळवायच्या, एक म्हणजे इन्व्हर्टरमधे (बॅटरीची डीसी वीज फ्रिजला लागणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) वाया जाणारे साधारण १० टक्के, म्हणजे झाले ८९०. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात, इन्व्हर्टर नुसता चालू राहायला पण वीज खातो! १५ वॉट म्हटलं तरी २४ तासांचे ३६० होतात, म्हणजे फ्रिजच्या जवळजवळ निम्मे. एकूण १२५० धरू. म्हणून इन्व्हर्टर घेताना नो-लोड किती वॉट आहे ते आधी विचारा, आणि गरजेपेक्षा खूप मोठा घेऊ नका कारण मोठ्याचा हा खर्च पण सहसा मोठाच असतो.

आता पॅनल. दिवस १२ तासांचा असला तरी पॅनलच्या हिशोबाचं पूर्ण ऊन बऱ्याच ठिकाणी ४-५ तासांचंच भरतं, आपण ४ धरू. १२५० ला ४ ने भागलं की ३१३ वॉट, पण उष्णता, धूळ, वायर, बॅटरी भरणं या सगळ्यात ३० टक्के तरी जातात म्हणून ४५० वॉट, आणि हे झालं अगदी काठावरचं. माझं मत विचाराल तर ६०० च्या खाली जाऊ नका, कारण ढगाळ दिवसानंतर पॅनलला त्या दिवसाचं काम करून वर रिकामी बॅटरी पण भरायची असते. पॅनल स्वस्तात वाढवता येतं, बॅटरी नाही. सावलीचा एक पट्टा जरी पॅनलवर पडला तरी उत्पादन खूप पडतं, तेव्हा जागा ठरवायच्या आधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे जाते ते बघून घ्या.

बॅटरी दीड दिवसाची धरा, म्हणजे १९०० वॉटअवर वापरायला मिळाले पाहिजेत. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ८० टक्के वापरता येते, म्हणजे २४ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर, व्होल्टने गुणलं की वॉटअवर) ची एक पुरते. लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरायची नाहीतर आयुष्य पटापट संपतं, त्यामुळे १२ व्होल्ट २०० एएच च्या दोन सिरीजमधे (एकामागे एक जोडून, म्हणजे व्होल्टची बेरीज होते) लागतील, वर हवा खेळती हवी कारण चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. लिथियम मात्र ० अंशाखाली चार्ज करायची नसते, थंड जागा असेल तर हे लक्षात ठेवा.

चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा) एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा घ्या, ६०० वॉट भागिले २५ व्होल्ट म्हणजे २४ अँपिअर, ३० चा चालेल. पॅनल सिरीजमधे लावणार असाल तर त्या सगळ्या पॅनलच्या ओपन सर्किट व्होल्टेजची (काही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज) बेरीज कंट्रोलरच्या कमाल व्होल्टेजपेक्षा निदान २० टक्के कमी ठेवा, थंड सकाळी पॅनलचं व्होल्टेज वाढतं आणि मर्यादा ओलांडली की कंट्रोलर जळतो.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच हवा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), मॉडिफाइड साइन वेव्हच्या ओबडधोबड लहरीवर कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि तापतो. १५० वॉटच्या फ्रिजला १००० वॉटचा, क्षणभर २००० देणारा घ्या, आणि फ्रिजच इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला असेल तर तो हळू सुरू होतो, मग बराच लहान पण चालून जातो.

जोडणीचा क्रम पाळायचाच. आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनल, काढताना उलटं. इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडायचा, कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला नाही, ते एवढ्या करंटसाठी नसतात. १००० वॉटचा इन्व्हर्टर २४ व्होल्टवर फुल लोडला साधारण ५० अँपिअर ओढतो म्हणून केबल १६ चौरस मिमीची, होईल तेवढी आखूड, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून डीसी फ्यूज. घरातला एसी ब्रेकर डीसीला लावू नका, डीसीची ठिणगी तशी विझत नाही आणि आग लागू शकते. अर्थिंग आणि एसी बाजू जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सगळं जोडून झालं की दोन सेटिंग बघा. इन्व्हर्टरचा पॉवर-सेव्ह मोड बंद ठेवा, त्यात इन्व्हर्टर अधूनमधून पल्स सोडून लोड शोधतो आणि फ्रिजचं कंट्रोल बोर्ड त्याच्यावर धड सुरू होत नाही. दुसरं लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी ज्या व्होल्टेजच्या खाली गेली की इन्व्हर्टर बंद होतो ते, पण नुसता कट-ऑफ सेट करून भागत नाही. फ्रिज बंद झाला की बॅटरीचं व्होल्टेज लगेच थोडं वर येतं, इन्व्हर्टर परत सुरू होतो, कॉम्प्रेसर लागतो, परत खाली, परत बंद, असं चक्र चालू राहिलं तर कॉम्प्रेसरचं नुकसान होतं कारण बंद झाल्यावर आतला दाब बसायला त्याला ३-५ मिनिटं लागतात. म्हणून परत सुरू व्हायचं व्होल्टेज कट-ऑफपेक्षा बरंच वर ठेवा, आणि डिले टायमर मिळाला तर तोही लावा.

फ्रीजरमधे रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, दुपारी ऊन भरपूर असताना फ्रीजरचं थर्मोस्टॅट थोडं जास्त थंडवर ठेवा आणि संध्याकाळी परत आणा, रात्री कॉम्प्रेसर कमी लागतो आणि बॅटरी वाचते. खालच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवा, ५ अंशाच्या वर जाऊ देऊ नका. पहिले काही दिवस रोज सूर्योदयाच्या आधी बॅटरी किती टक्के उरलीय ते लिहून ठेवा, स्वच्छ उन्हाच्या दिवसांनंतरही आकडा रोज खाली सरकत असेल तर पॅनल कमी पडतंय, तिथे अजून एक लावा (कंट्रोलरची मर्यादा बघून).