किल्ली काढली की जुना स्टिरिओ परत कोड मागतो? माझा अनुभव

1990च्या दशकातली टू-सीटर गाडी, इथे इंग्लंडमध्ये घेतलेली. नवा प्लेअर काढून मूळ कॅसेट स्टिरिओ बसवला. आवाज छान, पण किल्ली काढली की स्टेशनं गायब, पुन्हा कोड (चोरीपासून बचावासाठी स्टिरिओत टाकायचा आकडा). फ्यूज बदलला, अर्थिंग घासलं. तीन रविवार वाया!

शेवटी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. किल्ली बंद असताना आयएसओ प्लगच्या (स्टिरिओमागचा प्रमाणित प्लग) ए4 पिनला शून्य, ए7ला 12.4 व्होल्ट. हवं नेमकं उलट: ए4 कायम चालू (स्टेशनं आणि कोड यावरच लक्षात राहतात), ए7 फक्त किल्लीवर. रंगांवर जाऊ नका. कुणीतरी पिवळी-लाल अदलून वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. दोन्ही वायरी कापल्या, हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, ओवली (ही सोल्डरच्या आधी, मी एकदा विसरलो), अदलून सोल्डर केल्या. बॅटरी जोडून पुन्हा मोजलं, मगच प्लग खोचला. कोड एकदाच टाकला. आठवडा झाला, स्टेशनं जागच्या जागी.