महापालिकेचा हिशेब आणि ऑडिट रिपोर्ट बघायचाय? कुठे मिळतो, कसा मागायचा

आपल्या भागातल्या रस्त्यावर नक्की किती खर्च झाला हे शोधायला निघालेले बहुतेक लोक महापालिकेचं बजेट डाउनलोड करतात, दोन पानं चाळतात आणि सोडून देतात. बजेट बघाच, पण ते अंदाजपत्रक आहे, नावातच अंदाज आहे. पैसे खरंच किती गेले ते वार्षिक लेख्यांत कळतं, आणि नियमाने गेले का ते ऑडिटमध्ये. माझं स्पष्ट मत आहे की वेळ कमी असेल तर सरळ ऑडिटच्या आक्षेपांकडे जा, बाकीचं नंतर.

खाली पुण्याचं उदाहरण धरून सांगतोय, पण राज्यातल्या बहुतेक महापालिका १९४९ च्या एकाच कायद्यावर चालतात त्यामुळे नाशिक, कोल्हापूर, ठाण्यातही साधारण हेच लागू पडेल. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, पण मागायची पद्धत तीच.

आधी बजेट. पुणे महापालिकेच्या वेबसाइटवर अंदाजपत्रकाच्या पीडीएफ आहेत. २०२५-२६ चं आयुक्तांनी मांडलेलं बजेट १२,६१८ कोटींचं होतं. इथे एक गोष्ट बघून घ्या, की तुमच्या हातात कुठलं बजेट आहे? नगरसेवक निवडून आलेले असतात तेव्हा आयुक्त आधी एक मांडतात, मग स्थायी समिती त्यात बदल करते, आणि शेवटी मुख्य सभा मंजूर करते. आकडे तिन्हीत वेगळे असू शकतात. मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर पुण्यात काही वर्षं प्रशासकच होते, त्यामुळे त्या काळातली बजेट प्रशासकांनीच मंजूर केलेली. तर जुनं बजेट वापरताना मंजूर झालेलंच घ्या, नाहीतर जे काम मध्येच गळालं त्याच्यावर तुम्ही भांडत बसाल.

बजेटच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीसमोर, साधारण चार आकडे असतात, मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात बातमी येते ती शेवटच्या आकड्याची, पण तुम्ही 'प्रत्यक्ष' वाला कॉलम बघा आणि दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकात त्याच लेखाशीर्षाला किती तरतूद होती ते शेजारी लिहा. फरक मोठा दिसला तर तिथेच पेन्सिलने खूण. वर्षाच्या मध्ये एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवतात त्याला वर्गीकरण म्हणतात, ते ठरावाने होतं, आणि ठराव नगरसचिवांच्या ऑफिसात मिळतात. प्रभागातली छोटी कामं, म्हणजे बाकडी, ड्रेनेजची झाकणं वगैरे, शोधायची असतील तर बजेटसोबतची 'स' यादी बघा, मुख्य पुस्तकात शोधत बसू नका.

वार्षिक लेखे, म्हणजे ताळेबंद आणि जमाखर्च, महापालिकेच्या साइटवर सापडले नाहीत तर केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाचं सिटीफायनान्स डॉट इन हे पोर्टल बघा. १५ व्या वित्त आयोगाचं अनुदान हवं असेल तर ऑडिट झालेले लेखे ऑनलाइन टाकायचेच अशी अट होती, त्यामुळे छोट्या नगरपालिकांचेही कागद तिथे सापडतात. हे पोर्टल फार कमी लोकांना माहितीये, खरंतर लेखे शोधायची सुरुवात इथूनच करायला हवी.

आता ऑडिट. हे तीन ठिकाणांहून होतं आणि गोंधळ इथेच होतो. पहिलं महापालिकेतलंच, मुख्य लेखापरीक्षकांचं ऑफिस, जे हिशेब तपासून स्थायी समितीला रिपोर्ट देतं. दुसरं राज्य सरकारचं, स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय, मुख्य ऑफिस नवी मुंबईत कोकण भवनला. तिसरं कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. कॅगचा रिपोर्ट विधिमंडळात मांडला गेल्यावरच आपल्याला मिळतो, पण मग तो कॅगच्या साइटवर फुकट असतो. मुंबई महापालिकेच्या जवळपास १२,००० कोटींच्या कामांचं कॅगने स्पेशल ऑडिट केलं, ते मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आलं, त्यात २० कामं टेंडर न काढताच दिल्याचं आणि ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच झाला नसल्याचं म्हटलंय. आपल्याकडच्या ऑडिटमध्ये काय शोधायचं याचा अंदाज यायला ते एकदा वाचाच.

पहिल्या दोन प्रकारचे रिपोर्ट साइटवर नसले तर आरटीआय टाका. माहिती अधिकार कायदा २००५, फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून. महाराष्ट्रात एक अर्ज म्हणजे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे पाळा, नाहीतर फेटाळायला आयतं कारण मिळतं. "महापालिकेचा सगळा हिशेब द्या" असं कधीही लिहू नका. असं लिहा:

विषय : लेखापरीक्षण अहवाल व प्रलंबित आक्षेप. कालावधी : १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२४. तपशील : (१) अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या कामांबाबत मुख्य लेखापरीक्षकांनी सादर केलेल्या अहवालांच्या प्रती. (२) त्यातील आजअखेर प्रलंबित आक्षेपांची यादी, आक्षेपाधीन व वसूलपात्र रकमेसह. (३) या आक्षेपांवर संबंधित विभागाने दिलेल्या अनुपालनाच्या प्रती.

अर्ज मुख्य लेखापरीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. चुकीच्या ठिकाणी गेला तरी घाबरू नका, ५ दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवणं त्यांचं काम आहे. यातला तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आक्षेप काढणं एक, त्याला विभागाने काय उत्तर दिलं हे दुसरं, आणि खरी गोष्ट उत्तरातच कळते. वर्षानुवर्षं "अनुपालन अप्राप्त", म्हणजे विभागाचं उत्तरच आलेलं नाही, असं असेल तर तेही लेखी तुमच्या हातात येतं. जुन्या रिपोर्टांत अर्धसमास हा शब्द दिसेल, ती ऑडिट चालू असताना विभागाला दिलेली विचारणा असते.

प्रती २ रुपये पान. पानं शेकड्यात जाणार असतील तर आधी फाइल बघायला मागा, पहिला तास फुकट, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये, आणि हवी तेवढीच पानं घ्या. २६ नोव्हेंबर २०१८ च्या सरकारी परिपत्रकात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यावं असं होतं, तुमच्याकडे ते चालू आहे का हे आधी विचारून घ्या, नसलं तरी कागद बघायला मागायचा हक्क मूळ कायद्यातच आहे, तो परिपत्रकावर अवलंबून नाही.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच ऑफिसातल्या वरिष्ठांकडे. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर प्रतींचे पैसे घेता येत नाहीत, हे अपिलात लिहा. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, तिथे तारीख लागायला खूप वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जाऊन उभं राहणं फार गरजेचं आहे, बरेचसे कागद तिथेच सुटतात.

रिपोर्ट हातात आला की आधी 'वसूलपात्र' शब्द असलेले परिच्छेद बाजूला काढा. मग त्यातल्या एकाच कामाची टेंडरची नस्ती म्हणजे फाइल, बिलं आणि मोजमाप पुस्तक वेगळ्या आरटीआयने मागवा आणि जागेवर जाऊन लांबी-रुंदी बघा. जुळत नसेल तर परिच्छेद क्रमांक आणि रक्कम लिहून, सोबत कागदांच्या झेरॉक्स जोडून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्या आणि मुख्य सभेत लेखी प्रश्न टाकायला सांगा, त्याची पोच मात्र घ्या.