सेकंडहँड गाडी घेतलीय? रिकॉल एकदा चेक कराच

एखाद्या मॉडेलमध्ये फॉल्ट निघाला की कंपनी रिकॉल काढते, म्हणजे त्या गाड्या परत बोलावून तो फॉल्ट दुरुस्त करून देते, पण पत्र नि मेसेज जातो तो तिच्या रेकॉर्डवरच्या मालकाला, म्हणजे बरेचदा जुन्या मालकाला. आमच्या गाडीचं तेच झालं, एअरबॅगचा रिकॉल होता आणि आम्ही दोन वर्षं पोरांना घेऊन तशीच फिरवत होतो, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

१) आरसी किंवा इन्शुरन्स पॉलिसीवरून चॅसी नंबर घ्या, १७ अक्षरी असतो. प्रिंट पुसट असेल तर लक्षात ठेवा, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसतंय ते शून्यच आणि उभी रेघ म्हणजे एक. मी ओ टाकत बसलेले आणि साइट सारखी इनव्हॅलिड म्हणत होती.

२) कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलचं पान असेल तर तिथे नंबर टाका. नसेल तर कस्टमर केअरला फोन करून नंबर सांगा आणि त्याच फोनवर आपला मोबाइल नंबर अपडेट करून घ्या.

३) रिकॉल निघाला तर अधिकृत सर्व्हिस सेंटरची अपॉइंटमेंट घ्या, पार्ट आलाय का ते आधी विचारा नाहीतर हेलपाटा होतो. काम झालं की जॉबकार्डवर रिकॉलचं काम केल्याचं लिहून घ्या, पुढे गाडी विकताना उपयोगी पडतं.

रिकॉलच्या कामाला पार्ट किंवा लेबर कशाचेच पैसे लागत नाहीत. फोन करून कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, सरळ सर्व्हिस सेंटरला विचारा.