गावपातळीवरील आरोग्य सर्वेक्षण : ओसरीवर होणाऱ्या या चुका टाळा

उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा क्षयरोग यांचे सर्वेक्षण फसते ते बहुधा माहिती गोळा करतानाच. विश्लेषणाच्या वेळी ते केवळ लक्षात येते.

बंद घर वगळून शेजारच्या घरी माहिती घेणे ही नेहमीची पळवाट आहे. दुपारच्या भेटीत शेतावर गेलेली माणसे सुटतात आणि नमुन्यात वृद्धांचा भरणा होतो. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबेच्या कुटुंबे अशीच यादीतून गळतात, त्यामुळे तेथे सर्वेक्षणाचा महिना ठरवतानाच हंगामाचा विचार करावा.

रक्तदाबाच्या बाबतीत घाई सर्वाधिक नडते. व्यक्ती चुलीपुढून उठून येते, जमिनीवर मांडी घालून बसते, प्रश्नांची उत्तरे देत असते आणि तेवढ्यात दंडाला पट्टा गुंडाळला जातो. असे मोजमाप सहसा वास्तवापेक्षा जास्त येते. पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून व दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून 5 मिनिटे शांत बसवावे, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असल्यास थांबावे आणि तीन मापे घेऊन शेवटच्या दोहोंची सरासरी धरावी. जाड दंडाला लहान पट्टा वापरल्यासही आकडा फुगतो. एखाद्या कार्यकर्त्याच्या वहीत 120/80 आणि 130/80 हेच आकडे वारंवार दिसू लागले, तर दुसऱ्या व्यक्तीकडून काही घरांत फेरतपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी साखर तपासताना ‘काही खाल्ले का?’ एवढे विचारून भागत नाही; चहा घेतला का, हे वेगळे विचारावे, कारण पुष्कळांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हेच.

हाच घोटाळा तंबाखूबाबत होतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला रोज मिसरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असते. मिसरी, गुटखा, विडी यांची नावे घेऊनच विचारावे, तेही शक्यतो सासू-सासऱ्यांच्या माघारी.

क्षयरोगाचा शोध केवळ दोन आठवड्यांच्या खोकल्यावर बेतू नये. 2019–21 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर 40 टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते. थुंकीच्या डबीत लाळच आली असेल, तर ती प्रयोगशाळेत पाठवण्याऐवजी खोल खोकून बेडका कसा काढायचा हे समजावून नवा नमुना घ्यावा आणि क्रमांक झाकणावर न लिहिता डबीच्या अंगावर लिहावा, कारण झाकणे अदलाबदल होतात.