चाव्या वाटण्याआधी मोटरचं मीटर बघा

झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी घरं बांधायला निघाला असाल तर ही यादी तुमच्यासाठी. आधी पाण्याच्या मोटरचं विजेचं मीटर. बाकीची यादी नंतर.

सहा इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत १६ बिऱ्हाडं. अशी ९६ घरं आम्ही एका झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी उभी केली होती. नळ होते, खाली टाकी होती, गच्चीवर टाकी होती, पाणी वर चढवायला मोटर होती. बांधकाम चालू असताना वीजजोडणी कंत्राटदारानं स्वतःच्या नावानं, तात्पुरती म्हणून घेतलेली. इमारती झाल्या, फीत कापली, चाव्या वाटल्या, कंत्राटदार गेला. मीटर त्याच्याच नावावर राहिलं. बिलं त्याच्या पत्त्यावर जात राहिली आणि पाचव्या महिन्यात वायरमन येऊन वीज तोडून गेला.

नवी जोडणी हवी तर आधी जुनी थकबाकी भरा. थकबाकी कोण भरणार? सोसायटीची नोंदणीच झालेली नव्हती. नोंदणी नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून वर्गणी द्यायची ती कुणाच्या हातात, यावर भांडणं. तीन आठवडे पाणी हातानं वर गेलं. पाच माणसांच्या घराला माणशी ५० लिटर धरलं तर दिवसाला २५० लिटर, म्हणजे २० लिटरचा कॅन घेऊन जिन्यानं १३ खेपा. खेपा घालणाऱ्या बहुतेक बायका आणि शाळकरी मुली. तिसऱ्या मजल्यावरची काही बिऱ्हाडं या तीन आठवड्यांत जुन्या वस्तीकडे गेली आणि पुन्हा आली नाहीत.

मला अजून झोंबतो तो पुढचा हिशेब, कारण तो मी नंतर मांडला. हजार लिटर पाणी १५ मीटर वर चढवायचं आणि मोटरमध्ये निम्म्याहून जास्त वीज वाया जाते असं धरायचं, तरी सुमारे ०.१ युनिट लागतं. ९६ घरांना दिवसाला २४,००० लिटर म्हणजे साधारण अडीच युनिट. महिन्याला ७०-७५ युनिट. घरटी एक युनिटसुद्धा नाही! गळती, जुनी होत जाणारी मोटर, दुरुस्ती हे सगळं धरून आकडा तिप्पट करा, तरी कुणाला जड जाणार नाही. पैसे कमी नव्हतेच. बिलावर नाव घालायला माणूस नव्हता. म्हणून या यादीत मी पुन्हा पुन्हा एकच विचारणार आहे, कंटाळा आला तरी वाचा: मीटर कुणाच्या नावावर?

आता क्रमानं.

जमिनीचा मालकी हक्क, आरक्षण, पूररेषा, मातीची तपासणी. हे तुम्ही करालच. एवढंच सांगते की स्वस्त जागा स्वस्त का आहे ते विचारल्याशिवाय खूश होऊ नका. बहुतेकदा ती सखल तरी असते, नाहीतर लांब तरी. सखल असेल तर भराव आणि गटार यांत वाचलेले पैसे परत जातात. लांब असेल तर ते पैसे राहणाऱ्यांच्या खिशातून जातात, म्हणून तुमच्या ताळेबंदात दिसत नाहीत. मेक्सिकोत गृहकर्जाच्या जोरावर शहरांपासून दूर घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. २०१० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ५० लाख घरं रिकामी निघाली. ती सगळी स्वस्त योजनांमधली नव्हती हे खरं, पण कामापासून, शाळेपासून, बसपासून तुटलेल्या या वसाहतींचाही त्यात वाटा होता. जागा बघायला गाडीनं जाऊ नका. सकाळी कामाच्या वेळेला, तिथल्या माणसाला जे वाहन मिळेल त्यानं जा. रात्री उशिरा परत या.

माणसांची मोजणी. इथे घाई करू नका. दिवसा पाहणी केली तर कामावर गेलेले सगळे सुटतात, म्हणून संध्याकाळी जा. झोपडीच्या मालकाचं नाव लिहून पुढे गेलात तर माळ्यावरचा भाडेकरू सुटतो, आणि तोच सगळ्यांत गरीब असतो. योजना आली की पहिला हाकलला जातो तोही तोच. पाहणी वस्तीतल्या बायकांकडूनच करून घ्या. कोणतं कुटुंब खरं आणि कोणतं कालच कुलूप लावून 'राहायला' आलं, हे त्यांना तुमच्या तक्त्यापेक्षा जास्त कळतं. सिंधमधल्या हैदराबादेत १९८६ च्या सुमाराला सुरू झालेल्या 'खुदा की बस्ती' योजनेत याच दुखण्यावर एक साधा उपाय होता. भूखंड हवा तर कुटुंबानं सामानसुमानासह आधी स्वागत तळावर, म्हणजे योजनेच्या तात्पुरत्या मुक्कामाच्या जागी, येऊन राहायचं. ज्याला खरंच छप्पर नाही तो येऊन राहतो. भूखंड घेऊन विकणारा राहत नाही.

मोजणीबरोबर कोण काय काम करतं तेही लिहा. हातगाडी आहे का, शिलाई मशीन आहे का, भंगार निवडतात का, घरी पाकिटं भरतात का. तिसऱ्या मजल्यावर हातगाडी चढत नाही. तळमजला कुणाला द्यायचा हे म्हातारी माणसं, अपंग आणि हातगाडीवाले बघून ठरवायचं असतं. सगळं सोडतीवर सोडलं की आपल्याला निःपक्षपाती वाटतं आणि फळवाला चौथ्या दिवशी घर भाड्यानं देऊन जातो.

सोडतीवरून आठवलं, आत्ताच सांगून टाकते. अहमदाबादमध्ये झोपडपट्टीतल्या बायकांना सोडतीतून शहराच्या कडेला बरी घरं मिळाली होती. १४ वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी जिंकलेल्या आणि हरलेल्या कुटुंबांची तुलना केली. जिंकलेल्यांपैकी ३४ टक्के तिकडे राहायला गेलेच नव्हते आणि आणखी ३२ टक्के जाऊन परत निघाले होते. उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या पुढच्या आयुष्यात फरक नाही. अडीअडचणीला उसने पैसे देणारी, पोर सांभाळणारी माणसं मात्र दुरावलेली. यातून माझ्यापुरता नियम असा: चिठ्ठी एकेका कुटुंबाची काढायची नाही, शेजाऱ्यांच्या गटाची काढायची. सात-आठ घरं मिळून एक चिठ्ठी आणि सगळी एकाच जिन्याला. आणि हो, हा जिना म्हणजेच पुढे मोटरच्या वर्गणीचा गट. एकमेकांना ओळखणारी माणसं वर्गणी देतात. अनोळखी माणसं खालचा देत नाही म्हणून मीही देत नाही असं म्हणतात.

पैसे. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च परवडतो, हा नियम तुमच्या अहवालात कुणीतरी घालणार. खोडा. ज्या घरात निम्मं उत्पन्न जेवणावरच जातं तिथे ३० टक्के परवडत नाहीत. पोट, औषध, शाळा आणि प्रवास भागवून हातात काय उरतं ते विचारा, आणि हप्ता त्यातून काढा. हप्ता एकटा नसतो, त्याच्यासोबत पाणीपट्टी येते, घरातली वीज येते, बसभाडं येतं, जिन्यातला दिवा येतो, मोटर येते. जुन्या वस्तीत यांतले निम्मे खर्च नव्हते. घराची किंमत परवडते की नाही यावर आम्ही दोन वर्षं चर्चा केली. घरात राहणं परवडतं की नाही यावर एक बैठकसुद्धा घेतली नाही. आणि रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याचा हप्ता कळत नाही असं नाही, पण महिनाअखेरीला तो पैसा हातात राहत नाही. आठवड्याला वसुली ठेवा.

बचत गट आधी, घर नंतर. थायलंडमध्ये २००३ पासून चाललेल्या 'बान मंकाँग' कार्यक्रमात हाच क्रम आहे. वस्तीनं आधी मिळून बचत करायची, सहकारी संस्था करायची, आणि कर्ज संस्थेला मिळतं, एकेकट्या माणसाला नाही. मला आधी हे वेळकाढूपणाचं वाटायचं. आता असं वाटतं की दोन वर्षं दर आठवड्याला पैसे गोळा करून हिशेब वहीत मांडलेल्या वस्तीला मोटरचं बिल ही अडचणच वाटणार नाही. खातं असतं, सह्या करणारी माणसं असतात. अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते ठरलेलं असतं.

घर. किती चौरस मीटर यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते वाढणार कसं ते ठरवा. चिलीतल्या इकिके शहरात अर्ध्या हेक्टरावर तीस वर्षं राहत असलेल्या सुमारे शंभर कुटुंबांना तिथेच घरं द्यायची होती. कुटुंबामागे अनुदान ७,५०० डॉलर आणि त्यातच जमीनही घ्यायची. वास्तुविशारद आलेहान्द्रो आरावेना यांच्या गटानं अर्धं घर बांधून दिलं. कुटुंबाला एकट्यानं जमणार नाही ते, म्हणजे सांगाडा, जिना, संडास, स्वयंपाकघर, हे पूर्ण केलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी सोडली. लोकांनी ती भरली. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी ८५ हेक्टरांवर सुमारे ६,५०० भूखंड आखले तेव्हा सगळ्यांत गरीब गटाला जोतं, संडास आणि पाणी-गटाराची सोय दिली, वरचं घर ज्याच्या-त्याच्या ऐपतीनं. पण वाढ होणार हे गृहीत धरलंत तर तशी तयारी ठेवा. पाया पुढच्या मजल्याचा घ्या. कोणती भिंत फोडायची नाही हे रंगानं भिंतीवरच लिहा. गच्चीतून बाहेर काढलेल्या सळ्या उघड्या ठेवू नका, कच्च्या काँक्रीटनं झाका, नाहीतर मजला चढवायची वेळ येईपर्यंत गंजतात. शक्य असेल तर मुळात दोन मजल्यांपेक्षा उंच जाऊच नका. जितकं उंच, तितका मोटरवर जीव टांगलेला. लिफ्ट तर विसराच. जिथे एका मोटरचं बिल भरलं जात नाही तिथे लिफ्टचं भरलं जाईल?

गटार. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत १९८० पासून जे झालं त्यातून घेण्यासारखी वाटणी अशी: घरातला संडास आणि गल्लीतली गटारवाहिनी गल्लीनं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या देखरेखीत टाकायची, आणि पुढची मोठी वाहिनी सरकारनं. कुणाचं काय ते ठरलेलं, म्हणून चोकअप झालं की कुणाला बोलवायचं हा प्रश्न नाही. तुमच्या नकाशावर प्रत्येक वस्तूसमोर अशी दोन नावं लिहा, चालवणार कोण आणि पैसे देणार कोण. जिन्यातला दिवा, कचऱ्याची कुंडी, फाटक, मोटर. मोटरसमोर 'सोसायटी' असं लिहाल आणि सोसायटी अजून जन्मायची असेल तर ती जागा रिकामीच आहे असं समजा. सेप्टिक टाकी असेल तर मैला उपसणारी गाडी तिच्यापर्यंत पोहोचते का ते गाडी आणूनच बघा. ती दर दोन-तीन वर्षांनी लागणार आहे, आणि तिचेही पैसे.

शाळा, दवाखाना, खेळायची जागा. हवीच. पण दाखला मिळाल्याशिवाय, पत्ता बदलल्याशिवाय शेजारची शाळासुद्धा मुलांना घ्यायला खळखळ करते, म्हणून स्थलांतर सुट्टीत ठेवा आणि पत्त्याच्या कागदांसाठी दोन दिवस तिथेच शिबिर लावा. हक्काचे कागद नवरा-बायको दोघांच्या नावानं. यावर चर्चा नको.

दुकानांचे गाळे ठेवा, त्यांचं भाडं देखभाल खात्यात. झाडं लावा. भिंतींना स्वस्त रंग लावू नका.

ताबा देताना: सगळे नळ एकाच वेळी सोडून बघा. टाकी किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. गळतीची यादी. चाव्यांच्या दोन जोड्या. सोसायटीची नोंदणी झालेली, खातं उघडलेलं, तीन महिन्यांच्या बिलाइतकी अनामत आधीच त्यात. एक सुटी मोटर आणि ती बदलता येणारा वस्तीतलाच एक माणूस. भाषणं शेवटी.

आणि कंत्राटदाराचं अखेरचं बिल थांबवून ठेवा. मोटरचं मीटर कायमच्या जोडणीवर, सोसायटीच्या नावावर चढलं आणि त्या नावानं छापलेलं पहिलं बिल तुमच्या हातात पडलं, की मगच चेक द्या. नाव बदलायचा अर्ज केलाय, पोच आहे, होऊन जाईल, असं तो सांगेल. आम्हालाही सांगितलं होतं.