गाडीला नवे टायर नि मॅगव्हील टाकताय? या चुका टाळा (मी करून बसलोय)

कन्नड घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणाला पुढून खर्रर्र असा आवाज आला तेव्हा आधी वाटलं चाकात फांदीबिंदी अडकली असेल. घरचे पाच जण, डिक्कीत बॅगा, चाळीसगावला नाश्ता करून वेरूळला निघालेलो. पुढच्या वळणाला परत खर्रर्र. कडेला घेऊन वाकून बघतो तर चाकाच्या आतलं काळं प्लास्टिक, लायनर म्हणतात ते, टायर घासून घासून चकचकीत झालेलं. आणि टायर कसले, दहा दिवसांपूर्वी टाकलेले, एकदम कोरे.

चूक माझीच. गाडीला कंपनीचे २१५/६० आर१६ होते, मी टाकले २३५/६० आर१६, कारण दुकानासमोर एक गाडी उभी होती, तिला तसेच होते आणि ती लय भारी दिसत होती. दुकानदार म्हणाला "टाका बिनधास्त भो, काही होत नाही." त्याचं खरंच काही झालं नाही, झालं ते माझं. तेव्हापासून या विषयात जरा जास्तच घुसलोय, ओळखीतलं कोणी क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यूला टायर टाकायला निघालं की मला फोन करतं आणि प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून टाकतो.

रुंद टायर म्हणजे भारी टायर

२१५/६० आर१६ मधले २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, १६ म्हणजे रिम किती इंची, आणि मधले ६० म्हणजे टायरच्या कडेची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यात. घोळ इथेच होतो. रुंदी वाढवली की उंची न सांगता वाढते. २१५ चे ६० टक्के १२९, वरची कड नि खालची कड धरून २५८, त्यात रिमचे ४०६ मिळवले की चाक भरतं ६६४ मिमी. तेच गणित २३५ ला लावा, ६८८ येतं. म्हणजे चाक २४ मिमीने मोठं, साडेतीन टक्क्यांच्या वर. मीटरवर १०० दिसत असताना गाडी आधीपेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त पळत असते, किलोमीटर कमी मोजले जातात म्हणून अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसतं, आणि रुंद टायर जड असतो म्हणून थोडं खरंच पडतं, पिकअप पण सुस्त होतो. त्यात माझी रिम ६जे, म्हणजे सहा इंच रुंद, आणि २३५/६० ला किमान साडेसहाची लागते. अरुंद रिमवर तो टायर फुग्यासारखा बाहेर येतो, स्टिअरिंगला गाडी लोळल्यासारखी वाटते.

फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळेच सांगतात, मी म्हणेन दीड-दोनच्या आत ठेवा. रिम मोठी करायचीच असेल तर कडेची टक्केवारी खाली आणावी लागते, उदाहरणार्थ २१५/६० आर१६ च्या जागी २१५/५५ आर१७, हे भरतं ६६८, बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच. आणि आपल्या गाडीचा खरा साईझ कोणता हे गाडीला सध्या लागलेल्या टायरवरून ठरवू नका, आधीच्या मालकानेच दिवे लावले असले तर? ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो, त्यावर साईझ पण असतो आणि हवा पण. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या व्हेरियंटला वेगळा साईझ येतो हेही लक्षात ठेवा, क्रेटाच्या खालच्या व्हेरियंटला २०५/६५ आर१६ आणि वरच्याला २१५/६० आर१७, त्यामुळे "मित्राच्या क्रेटाला हेच आहे" याला काही अर्थ नाही.

साईझच्या पुढे अजून एक आकडा नि अक्षर असतं, ९५एच वगैरे, ते कोणी बघतच नाही. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो चालतील, ९१ असेल तर ६१५. एच म्हणजे ताशी २१०, टी म्हणजे १९०. कंपनीचं आहे तेवढं किंवा त्याच्या वरचं घ्या, खालचं नाही. लग्नसराईत सात माणसं कोंबून धुळ्याहून शिरपूरला जाणारे आपण, आपल्याला हा आकडा जास्तच लागू पडतो.

मॅगव्हील, इथे पैसे नि अक्कल दोन्ही जातात

डिझाईन बघून मॅगव्हील घेणारे नव्वद टक्के असतील (हा माझा अंदाज, पण दुकानात अर्धा तास उभे राहा, पटेल). खरं बघायचं असतं ते मागच्या बाजूला. पहिलं पीसीडी, म्हणजे नटांची भोकं किती आणि ती केवढ्या गोलावर आहेत. क्रेटाचं ५ × ११४.३. आता बाजारात ५ × ११२ ची पण रिम मिळते, फरक दोन मिमीचा, आणि काही महाभाग ती ठोकून बसवून देतात. नट बसतो पण वाकडा बसतो, पूर्ण टेकत नाही, आणि मग हायवेला तो सैल व्हायला लागतो. याच्यात तडजोड नाहीच.

दुसरं ऑफसेट, रिमवर ईटी लिहून पुढे आकडा असतो. आकडा कमी तेवढं चाक बाहेर येतं. थोडं बाहेर आलेलं चाक दिसायला छान दिसतं पण कडेला निघालं की चिखल सगळा दारावर, बेअरिंगवर ताण, आणि मागे तीन जण बसले की फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड टायरला कापते. तिसरं मधलं भोक, सेंटर बोअर. बाहेरची मॅगव्हील सगळ्या गाड्यांना बसावी म्हणून हे भोक मोठं ठेवतात, मग हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, ते ढिलं राहतं. त्या फटीत प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची हब रिंग बसवायची असते, ती मागून घ्यावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही. माझ्या साडूच्या गाडीला नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, चार वेळा बॅलन्सिंग करून झालं, शेवटी हब रिंग टाकल्या आणि विषय संपला.

नट. कंपनीच्या लोखंडी डिस्कचे नट मॅगव्हीलला चालतीलच असं नाही, काहींची बसायची जागा तिरपी असते, काहींची गोल. जसं रिमचं बसणं तसाच नट. आणि गन लावून घर्र केलं म्हणजे घट्ट झालं असं नसतं, या गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर पुरतात, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, बघून घ्या. पाईप लावून वर उभं राहून आवळणारे पण बघितलेत मी, त्यांनी आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्या बायकोच्या काय, तुमच्या हाताने पण सुटत नाही. नवीन मॅगव्हील टाकली की शंभरेक किलोमीटरनंतर एकदा परत नट बघायचे.

बाकी १८ इंची घ्यायची का, असं विचाराल तर आपल्या रस्त्याला नको. १६ ची ६० सिरीज असते तेव्हा कड १२९ मिमी, तीच १८ वर नेली तर २१५/५० आर१८ घ्यावा लागतो आणि कड राहते १०७. ते बावीस मिमी म्हणजे तुमची उशी. पावसाळ्यात खेड्याच्या रस्त्याला पाणी साचलेल्या खड्ड्यात एकदा आदळली की रिम वाकते नाहीतर टायरच्या कडेला फुगा येतो. फुगा आला की तो टायर संपला, आतले धागे तुटलेले असतात, त्याला दुरुस्ती नाही.

एटी, म्हणजे ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यासाठीच्या जाड नक्षीच्या टायरचं थोडक्यात. शेतात रोज जात असाल, खडी-मुरूम असेल, तर घ्या. नुसते दिसायला घेतले तर डांबरीवर घूं घूं आवाज ऐकत बसाल. आणि काळ्या मातीत पाऊस पडल्यावर ती चिकट माती एटीच्या पण खाचांमध्ये भरते, मग टायर एटी असो की नक्षी झिजून गोटा झालेला असो, दोन्ही सारखेच घसरतात, यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांना विचारा.

नवा टायर, जुनं वय

अमळनेरला एक म्हातारे पंक्चरवाले आहेत, त्यांनी माझा एक "नवा" टायर हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "हाऊ टायर नवा दिखस, पन म्हातारा शे." टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या त्या टायरवर शेवटचे दोन आकडे चार वर्षांपूर्वीचे होते. यात गंमत अशी की हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली तर गाडीखाली लोळल्याशिवाय दिसत नाही, म्हणून रिमवर चढवायच्या आधी चारही टायर स्वतः बघायचे, मोबाईलवर फोटो काढायचा. मी वर्षापेक्षा जुना घेत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ, जळगावला पारा ४५ च्या वर जातो, रबर तसंही लवकर कडक होतं, त्यामुळे नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर नीट तपासून घेतलेला बरा, कडेला बारीक चिरा दिसल्या की बदलायचाच.

सेकंडहँड टायर घेत असाल तर अजून सावध. गोटा झालेल्या टायरला तापल्या सुरीने खाचा पाडून नक्षी "वाढवलेली" असते. खाचेच्या आत बारीक उंचवटे असतात, झीज दाखवणारे, टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं त्या रेषेत, ते १.६ मिमीवर असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. खाच खोल आहे पण उंचवटाच गायब आहे, असं दिसलं तर पळा तिथून.

आणि बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तरी "बिल नको म्हणा, कमी करतो" चालूच आहे. वॉरंटी मागायला गेलात की पहिलं बिलच मागतात.

दोनच टाकायचे असतील तर

सगळे पुढे टाकतात, कारण इंजिन पुढे, ओढतं पुढचं चाक. चूक आहे. नवे दोन मागे टाकायचे, चांगले उरलेले पुढे. ओल्या रस्त्याला पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, अ‍ॅक्सिलेटर सोडला की बऱ्यापैकी सावरते, पण मागची घसरली की गाडी फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्याचं काम नाही. गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर मात्र चारही सारखे हवेत, कंपनी, मॉडेल, झीज सगळं.

टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने, आणि "आउटसाईड" लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. गर्दीच्या दिवशी पोरं उलटे चढवतात, मी स्वतः पकडलंय.

हवा

उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, असं पेट्रोलपंपापासून सासऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त लवलव करतो, त्याने जास्त तापतो, आणि तापलेला टायर वजनासकट समृद्धीसारख्या काँक्रीटवर १२० ला फुटतो. दहा अंश तापमान वाढलं की हवा साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढते, म्हणून सकाळी २५ अंशात ३३ भरलेली दुपारी ४५ ला ३६ च्या पुढे दिसणारच, चालून अजून जास्त. ते बघून हवा सोडू नका. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, सकाळी घरून निघताना बघायचा. नायट्रोजनला पैसे द्या किंवा नका देऊ, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

टाकल्यावर काही बिघडलं तर

ऐंशी-शंभरला स्टिअरिंग थरथरतं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, सीट थरथरते तर मागच्यांचं. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरत असेल तर टायरवाल्याशी भांडू नका, डिस्क प्लेट बघा. गाडी एका बाजूला ओढते, तर आधी हवा, मग पुढचे दोन चाक डावं-उजवं बदलून बघा (बाणवाले सोडून), ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायरचा दोष, नाही गेली तर अलाइनमेंट. फक्त आतली कड खाल्ली जातेय तेव्हा पण अलाइनमेंट. मधोमध झिजतोय तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजतायत तर हवा कमी. मध्ये मध्ये खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअब्झॉर्बर. घूं घूं आवाज येतो आणि वळणावर बदलतो, तर टायरच्या आधी बेअरिंग तपासा. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा जात नाही, तर बऱ्याचदा टायर काढताना सेन्सर तुटलेला असतो, दुकानातून निघायच्या आधीच बघा.

माझे २३५ मी महिनाभराने अर्ध्या किमतीत विकले, मोठ्या गाडीवाल्याला, सगळं सांगून. परत २१५/६० आर१६ वर आलो. त्या दिवशी टायर बदलताना पोराने सहज स्टेपनी पण काढून ठेवली म्हणून तिच्यावरचे आकडे वाचले, शेवटचे दोन १७ निघाले. म्हणजे घाटात पंक्चर झालं असतं तर घरच्या पाच जणांना घेऊन त्या टायरवर उतरायचं होतं. चारचे पाच टायर घेतले.