पायथनचा कोड एका फाइलीत ठेवावा की अनेक?

फोंड्याला आमच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता मी पाणी मोजतो. साखळी आणि काणकोणचे दोन मित्रही आपापल्या नोंदी पाठवतात. या नोंदींची बेरीज करणारा छोटा पायथन प्रोग्रॅम मी लिहिला, त्याच्याच आधारे सांगतो.

सुरुवात एकाच फाइलीत करा. शंभर-दीडशे ओळींपर्यंत ती सहज वाचता येते. आधीच फोल्डर पाडून ठेवलेत तर कामाआधी रचनेतच गुंताल. मात्र प्रत्येक कामाचं वेगळं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, करा: नोंदी वाचणं, बेरीज करणं, तक्ता छापणं.

फाइल फोडायची वेळ कधी येते? तेच फंक्शन दुसऱ्या प्रोग्रॅमला लागलं की. मी तिथे चुकलो. बेरजेचं फंक्शन नव्या फाइलीत चिकटवलं. पुढे लक्षात आलं की रिकामी नोंद मी शून्य धरत होतो. पाऊस पडलाच नाही आणि मोजलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे सरासरी बिघडली होती. दुरुस्ती एका फाइलीत केली, दुसरीत राहून गेली. एकाच जुलैच्या दोन सरासऱ्या! सामायिक फंक्शन एकाच जागी असावं, ते यासाठीच.

आता कृती. त्याच फोल्डरमध्ये नवी फाइल करा, बेरजेची फंक्शनं कापून तिथे न्या आणि मूळ फाइलीत सगळ्यात वर ‘इम्पोर्ट’ लिहून त्या फाइलीचं नाव द्या, शेवटचं ‘डॉट पीवाय’ वगळून; म्हणजे तिथला कोड इथे वापरता येतो. नाव रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत ठेवा. शब्द जोडायला अंडरस्कोअर वापरा. हायफन चालत नाही, पायथन त्याला वजाबाकी समजतो.

नाव ठेवताना आणखी एक खबरदारी घ्या. मी नोंदी वाचण्याच्या फाइलीला ‘सीएसव्ही’ म्हटलं आणि पायथनसोबत येणारं त्याच नावाचं मॉड्यूल, म्हणजे इम्पोर्ट करायची तयार फाइल, सापडेनासं झालं. चालवलेल्या फाइलीच्या फोल्डरमध्ये पायथन आधी शोधतो, म्हणून त्याला माझीच फाइल मिळाली. ‘रँडम’, ‘मॅथ’ अशी नावंही टाळा.

इम्पोर्ट करताना त्या फाइलीतला कोड वरपासून खालपर्यंत एकदा चालतो. फंक्शनबाहेर छापण्याची ओळ राहिली असेल तर नको तेव्हा तक्ता छापला जाईल. म्हणून मुख्य काम ‘मेन’ नावाच्या फंक्शनमध्ये घाला आणि ते शेवटी एका अटीखाली बोलवा: दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेल्या ‘नेम’ची किंमत तसंच लिहिलेलं ‘मेन’ असेल तरच. फाइल थेट चालवली की ही अट खरी ठरते, इम्पोर्ट केली की नाही.

दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करू लागल्या तर त्या अडकू शकतात. दोघींना लागणारा भाग तिसऱ्या फाइलीत काढा.

फाइली आठ-दहा झाल्या की त्या फोल्डरमध्ये घालून पॅकेज करा. त्यात ‘इनिट’ नावाची फाइल ठेवा, तिच्याही नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ती सक्तीची नाही, पण असली की हे पॅकेज आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आमचं काम तीन फाइलींत भागलं. साखळीचा मित्र आता आलेख काढणार आहे. तो वाचनाची आणि बेरजेची फाइल इम्पोर्ट करेल, तक्त्याची त्याला लागणार नाही.